मंगोल व्यक्तिनामे आणि त्यांचे मानकरी : प्रस्तावना

मंगोलियातल्या माणसाला आडनाव नसते. त्याची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने होते आणि त्या नावाआधी वडिलांचे नाव षष्ठी विभक्तीत लावले जाते. २००९ ते २०१७ या काळात मंगोलियाचे राष्ट्राध्यक्ष असलेले त्साखियागीन एल्बेगदोर्ज म्हणजे ‘त्साखियाचा एल्बेगदोर्ज’. त्यांच्यानंतरचे खाल्तमागीन बात्तुलगा म्हणजे ‘खाल्तमाचा बात्तुलगा’. ‘-ईन’, ‘-गीन’ यांसारखे प्रत्यय इथे मराठीतल्या ‘-चा’चे काम करतात. मराठी नावात वडिलांचे नाव मधे आणि आडनाव शेवटी येते. मंगोल नावात वडील आधी, व्यक्ती शेवटी आणि आडनावाची जागा रिकामी, असा क्रम असतो.

या पद्धतीत घराण्याचे नाव पिढ्यानपिढ्या चालत नाही. दर पिढीला पहिला शब्द बदलतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कुस्तीत रौप्यपदक मिळवणारे मल्ल जिगजिदीन मोन्खबात हे जिगजिद यांचे पुत्र. त्यांचा मुलगा जपानी सुमोच्या आखाड्यात ‘हाकुहो’ म्हणून गाजला, पण त्याचे मंगोल नाव मोन्खबातीन दावाजार्गाल असे आहे. आजोबा जिगजिद, वडील मोन्खबात, मुलगा दावाजार्गाल अशी साखळी लागते. आजोबांचे नाव नातवाच्या नावात उरत नाही. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही, तिच्या नावाआधी तिच्याच वडिलांचे नाव राहते. म्हणून एकाच घरातल्या नवरा, बायको आणि मुले यांच्या नावांचा पहिला शब्द तीन प्रकारचा असू शकतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

वडिलांऐवजी आईचे नाव लावण्याचीही सोय आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५२ पर्यंत देशाची सूत्रे हाती असलेला खोर्लोगीन चोइबालसान याच्या नावातली खोर्लो ही त्याची आई. क्रांतिकारक सुखबातार याची विधवा यान्जमा सप्टेंबर १९५३ ते जुलै १९५४ या काळात राज्यप्रमुखपदाचे काम पाहत होती. ती इतिहासात सुखबातारीन यान्जमा म्हणून नोंदली गेली, म्हणजे तिच्या नावाआधी पतीचे नाव लागले. असे अपवाद थोडेच आहेत.

रोजच्या व्यवहारात वडिलांचे नाव आद्याक्षरापुरते उरते. वर्तमानपत्रात ‘त्सा. एल्बेगदोर्ज’ असे छापतात. बोलताना मंत्री असो, शिक्षक असो वा शेजारी, त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाच्या नावापुढे ‘गुआइ’ हा आदरार्थी शब्द जोडतात. मराठीत नावापुढे ‘राव’ किंवा ‘पंत’ लागते तसा. घरात नावे आखडतात. एन्खबायारचा एन्खे होतो, ओयुनचिमेगची ओयुना होते, सुखबातारचा सुखे होतो. कुस्तीगीर असेल तर त्याचा किताब नावाला चिकटतो. मंगोल कुस्तीत नाचिन (ससाणा), झान (हत्ती), आर्सलान (सिंह) आणि आवार्गा (महावीर) असे चढत्या क्रमाचे किताब आहेत, आणि २००३ पासून त्यांत ‘गारिद’ म्हणजे गरुड याची भर पडली.

परदेशी कागदपत्रांत मात्र घोटाळा होतो. पारपत्रावर आडनावाचा रकाना भरावाच लागतो आणि तिथे वडिलांचे नाव जाऊन बसते. ‘रडणाऱ्या उंटिणीची गोष्ट’ या २००३ च्या गाजलेल्या चित्रपटाच्या सहदिग्दर्शिका जगभर ब्याम्बासुरेन दावा या नावाने ओळखल्या जातात. मंगोल पद्धतीने त्या दावागीन ब्याम्बासुरेन. परदेशी समीक्षक त्यांचा उल्लेख नुसता ‘दावा’ असा करतात, पण ते त्यांच्या वडिलांचे नाव आहे.

कुळे पूर्वी होती आणि आजही आहेत, पण मधला काळ त्यांच्या विस्मरणाचा होता. मंगोल भाषेत कुळाला ‘ओवोग’ म्हणतात. चंगीझखानाचे कुळ बोर्जिगीन. त्याच्या वंशजांनी पुढे शतकानुशतके सरदारकी भोगली, त्यामुळे कुलनाम हे उच्चनीचतेचे मोजमाप झाले होते. १९२१ च्या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने १९२५ मध्ये कुलनामांचा वापर बंद केला. दोन पिढ्यांत बहुतेकांना आपले कुळ कोणते हेच आठवेना. काही विद्वानांनी ते जपले. भाषाशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार ब्याम्बीन रिन्चेन (१९०५–१९७७) आपल्या शास्त्रीय लेखनावर ‘योन्गसियेबु’ हे कुलनाम लावत असत. १९९० च्या लोकशाही चळवळीनंतर सरकारने कुलनामे पुन्हा नोंदवायला सांगितली. ज्यांना आठवत नव्हते त्यांनी नवे निवडले. असंख्य लोकांनी बोर्जिगीन हेच नाव घेतले, त्यामुळे एके काळी मूठभर सरदारांचे असलेले कुळ अर्ध्या गावाचे झाले. २२ मार्च १९८१ रोजी सोयुझ-३९ मधून अंतराळात गेलेले मंगोलियाचे पहिले अंतराळवीर जुगदेरदेमिदीन गुर्रागचा यांनी ‘सान्सार’ हे कुलनाम घेतले. सान्सार म्हणजे अवकाश. आजच्या ओळखपत्रावर कुलनाम, वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव असे तीन रकाने असतात, पण पहिला रकाना बोलण्यात क्वचितच येतो.

सगळा भार असा व्यक्तिनामावर असल्याने ते नाव पुरेसे वेगळे असावे लागते. ती गरज जोडनावांनी भागते. बहुतेक मंगोल नावे दोन अर्थपूर्ण शब्दांची असतात. पुरुषांच्या नावांत बात (भक्कम), बोल्द (पोलाद), गान (पोलाद), तोमोर (लोखंड), खुरेल (कांसे), सुख (कुऱ्हाड), बातार (वीर), मोन्ख (शाश्वत), एन्ख (शांती), बायार (आनंद) हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. स्त्रियांच्या नावांत त्सेत्सेग (फूल), तुया (किरण), गेरेल (प्रकाश), सारान (चंद्र), नारान (सूर्य), ओयुन (बुद्धी), चिमेग (अलंकार), बोलोर (स्फटिक) यांची रेलचेल असते. त्यांच्या जोडण्यांतून नारानतुया म्हणजे सूर्यकिरण, आल्तानत्सेत्सेग म्हणजे सुवर्णपुष्प, गानबोल्द, बातबायार अशी नावे तयार होतात. विद्यमान राष्ट्राध्यक्ष उखनागीन खुरेलसुख यांच्या नावाचा अर्थ कांस्य-कुऱ्हाड. त्यांच्या वडिलांच्या उखना या नावाचा अर्थ बोकड. दुसरा घटक स्वराने सुरू होत असेल तर मधे संयोगचिन्ह देतात, जसे बात-एर्देने, ओयुन-एर्देने, गान-एर्देने.

तेच दोन शब्द उलट क्रमाने घेतले तरी नवे नाव होते. मल्ल मोन्खबात आणि १९८४ ते १९९० या काळातले देशाचे नेते जाम्बीन बातमोन्ख यांच्या नावांत ‘भक्कम’ आणि ‘शाश्वत’ हेच दोन शब्द आहेत, फक्त अदलाबदल झालेली आहे. मार्च १९९० मध्ये चौकात जमलेल्या निदर्शकांवर बळाचा वापर न करता आपल्या पॉलिटब्यूरोसह पायउतार होणारे नेते ते हेच बातमोन्ख. त्या निदर्शनांचे एक अग्रणी सान्जासुरेन्गीन झोरिग (१९६२–१९९८) यांचे नाव एकाच शब्दाचे आहे आणि त्याचा अर्थ धैर्य. त्यांची बहीण ओयुन भूवैज्ञानिक. भावाच्या हत्येनंतर त्या राजकारणात आल्या आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या भावंडांची नावे शुद्ध मंगोल, तर त्यांच्या वडिलांचे सान्जासुरेन हे नाव तिबेटी आहे. एकाच घरातला हा फरक मंगोल नामेतिहासाच्या वेगवेगळ्या थरांमुळे पडलेला आहे, आणि कोणते नाव कोणत्या थरातले हे कळले की ते ठेवणाऱ्यांचा काळही कळतो.

सर्वांत जुना थर गवताळ पठारावरच्या टोळ्यांचा आहे. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथातून तो चांगला कळतो. येसुगेईने तातार टोळीच्या तेमुजिन-उगे नावाच्या सरदाराला कैद करून आणले आणि त्याच सुमारास त्याची बायको होएलुन प्रसूत झाली. मुलाचे नाव शत्रूच्या नावावरून तेमुजिन ठेवले गेले. त्याच्या मुळाशी ‘तेमुर’ म्हणजे लोखंड हा शब्द आहे. धाकटा भाऊ तेमुगे आणि बहीण तेमुलुन यांच्या नावांतही तोच शब्द येतो. भावंडांची नावे एकाच मुळातून घडवायची ही रीत आजही टिकून आहे. १२०६ मध्ये टोळ्यांच्या सभेने तेमुजिनला ‘चंगीझखान’ ठरवले. त्यातले ‘खान’ हे पद आहे. भारतात पुढे तो शब्द आडनाव झाला, पण मंगोलांकडे तो राजाचा किताब होता आणि राजपद गेले की तोही जाई.

चंगीझच्या मुलांची आणि नातवांची नावे लहान, एकेरी आहेत. थोरला जोची, म्हणजे पाहुणा. आई बोर्ते मेर्किद टोळीच्या कैदेतून सुटून आली त्या वेळी तो जन्मला आणि त्याच्या पितृत्वाविषयीची कुजबुज आयुष्यभर त्याच्या मागे राहिली. मधले चगताई आणि ओगेदेई, धाकटा तोलुई. तोलुईचा मुलगा मोंगके (कारकीर्द १२५१–१२५९) याचे नाव म्हणजे आजच्या ‘मोन्ख’चेच जुने रूप. त्याचे भाऊ कुब्लाई आणि हुलागू यांनी चीन आणि इराण इथे राज्ये उभी केली. या काळातली काही नावे तुर्की आहेत, काही टोळ्यांची, काही जनावरांची. ‘बातार’ या शब्दाचे जुने रूप ‘बागातुर’. ते तुर्क आणि मंगोल दोघांकडे होते, फारसीत त्याचे ‘बहादूर’ झाले आणि तिथून ते मराठीत ‘बहाद्दर’ होऊन आले.

नावाला तेव्हा केवळ ओळखीपलीकडचे वजन होते. तोलुई वारल्यावर त्याचे नाव उच्चारणे निषिद्ध ठरले. ‘तोली’ म्हणजे आरसा. नावाशी जुळणारा म्हणून हा शब्दही बोलण्यातून गेला आणि आरशासाठी तुर्की शब्द वापरात आला, असे इराणच्या मंगोल दरबारातला इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो. सासरे आणि थोरले दीर यांची नावे सुनेने घ्यायची नाहीत, त्यांच्याशी जुळणारे शब्दसुद्धा टाळायचे, ही चाल मंगोल घरांत विसाव्या शतकापर्यंत होती.

धर्म बदलला की नावही बदले. त्याचा ठळक नमुना म्हणजे इराणचा इल्खान, म्हणजे तिथला मंगोल राजा, ओल्जेइतु (कारकीर्द १३०४–१३१६). जन्मतः त्याचे नाव ओल्जेइ-बुका. लहानपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा पोपच्या नावावरून निकोलस. दृष्ट लागू नये म्हणून त्याला खरबंदा, म्हणजे गाढवे हाकणारा, असेही नाव मिळाले होते. मुसलमान झाल्यावर त्याचे खुदाबंदा, म्हणजे ईश्वराचा सेवक, असे झाले. थोड्याशा फरकाने टोपणनावाचे राजनाम झाले.

दुसरा मोठा थर बौद्ध धर्माचा. १५७८ मध्ये तुमेत मंगोलांचा राजा आल्तान खान आणि तिबेटी आचार्य सोनाम ग्यात्सो यांची कोकोनोर सरोवराच्या परिसरात भेट झाली. खानाने आचार्यांना ‘दलाई’ लामा ही पदवी दिली. दलाई म्हणजे सागर. ‘ग्यात्सो’ या तिबेटी शब्दाचाच तो मंगोल पर्याय. पुढच्या दोन शतकांत मंगोल प्रदेशात शेकडो मठ उभे राहिले आणि मुलाचे नाव लामाकडून ठेवून घ्यायची प्रथा घरोघर रुजली. लामा तिबेटी पोथ्यांतून नाव काढी, म्हणून तिबेटी नावे आली, आणि त्या पोथ्यांच्या मागे संस्कृत असल्याने संस्कृत नावेही आली. काही संस्कृत शब्द तर त्याआधीच उइगुर भाषेतून मंगोलांपर्यंत पोचले होते. परिणामी एकाच शब्दाची दोन-तीन रूपे नावांत नांदू लागली.

‘वज्र’ या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृतातून थेट आलेले त्याचे रूप ‘बाझार’, उइगुरमार्गे घासून आलेले ‘ओचिर’ आणि तिबेटी पर्याय ‘दोर्ज’. मंगोलियाचे पहिले धर्मगुरू आणि थोर मूर्तिकार झानाबाझार (१६३५–१७२३) यांचे नाव म्हणजे ‘ज्ञानवज्र’. त्यांनी १६८६ मध्ये तयार केलेल्या लिपीला सोयोम्बो म्हणतात, आणि तो शब्दही ‘स्वयंभू’चेच मंगोल रूप आहे. १९९० मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले पुन्सालमागीन ओचिरबात यांच्या नावात वज्राला ‘भक्कम’ची जोड आहे. एल्बेगदोर्ज या नावात मंगोल ‘एल्बेग’ म्हणजे विपुल आणि तिबेटी ‘दोर्ज’ म्हणजे वज्र एकत्र आले आहेत. आधुनिक मंगोल साहित्याचा पाया घालणारे दाशदोर्जीन नात्सागदोर्ज (१९०६–१९३७) यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या, दोन्ही नावांत वज्र आहे. ‘रत्न’ शब्दाचेही असेच. संस्कृताजवळचे ‘राद्ना’, उइगुरमार्गे ‘एर्देने’, तिबेटी ‘रिन्चेन’. आज मंगोलियात सर्वाधिक आढळणाऱ्या नावांपैकी एक बात-एर्देने आहे आणि त्यातले एर्देने म्हणजे रत्नच. पद्म ‘बादाम’ आणि ‘बादमा’ या रूपांत भेटते, मैत्रेय ‘मायदार’ होतो. आनंद हे नाव तर जसेच्या तसे राहिले. २०१४ मध्ये योकोझुना म्हणजे सुमोचा सर्वोच्च मल्ल झालेला काकुर्यु याचे मूळ नाव मांगालजालावीन आनांद.

देवतांची नावे तिबेटी वेशात येतात. दुल्मा म्हणजे तारा, दोल्गोर म्हणजे श्वेततारा, जाम्यान म्हणजे मंजुश्री, गोम्बो म्हणजे महाकाल, दामदिन म्हणजे हयग्रीव, यान्जमा म्हणजे सरस्वती. त्यांना ‘-सुरेन’ म्हणजे रक्षिलेला किंवा ‘-जाव’ म्हणजे शरण हे शब्द जोडून नावे पूर्ण होतात. त्सेन्दीन दामदिनसुरेन (१९०८–१९८६) हे विद्वान म्हणजे ‘हयग्रीवाने रक्षिलेला’. ‘गुप्त इतिहास’ आजच्या मंगोल वाचकाला कळेल अशा भाषेत त्यांनी १९४७ मध्ये उतरवला.

या थरातला मराठी वाचकाला सर्वांत जवळचा भाग म्हणजे वारांची नावे. मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला देणे ही अगदी सर्वमान्य रीत आहे. त्यासाठी तिबेटी वारनामे वापरतात: रविवार न्याम, सोमवार दावा, मंगळवार म्याग्मार, बुधवार लखाग्वा, गुरुवार पुरेव, शुक्रवार बासान, शनिवार ब्याम्बा. ग्रहांना मात्र मंगोल लोक संस्कृत नावांनीच ओळखतात. मंगळ म्हणजे आंगाराग, बुध म्हणजे बुद, गुरू म्हणजे बार्खासबादी, शुक्र म्हणजे सुगार, शनी म्हणजे सान्चिर. अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्याला आंगाराग आणि शनैश्चराला तेल वाहणाऱ्याला सान्चिर समजावून सांगावे लागत नाही. आदिया आणि सुमिया ही आदित्य आणि सोम यांची रूपे व्यक्तिनामांतही दिसतात.

जपानच्या सुमो आखाड्यात गेलेल्या मंगोल मल्लांच्या जन्मतारखा ताडून पाहिल्या तर ही रीत किती जिवंत आहे ते दिसते. हाकुहो, म्हणजे दावाजार्गाल, ११ मार्च १९८५ ला जन्मला. तो सोमवार होता. त्याच्या नावाचा अर्थ सोमवारचे सुख. २०१२ मध्ये योकोझुना झालेला हारुमाफुजी, म्हणजे दावान्यामीन ब्याम्बादोर्ज, १४ एप्रिल १९८४ चा, आणि त्या दिवशी शनिवार होता. जानेवारी २०२५ मध्ये योकोझुना झालेला होशोर्यु, म्हणजे सुगार्रागचागीन ब्याम्बासुरेन, २२ मे १९९९ चा, तोही शनिवार. जपानी आखाडानावांमागे ही जन्मवारांची नावे दडून गेली आहेत. ब्याम्बासुरेन हे नाव चित्रपट दिग्दर्शिकेचेही आहे आणि मल्लाचेही, कारण वारनामांत आणि ‘-सुरेन’मध्ये स्त्री-पुरुष भेद नसतो. दाशीन ब्याम्बासुरेन हे १९९० ते १९९२ या काळात पंतप्रधान होते. तिबेटी ‘-मा’ किंवा मंगोल ‘-त्सेत्सेग’ असे शेपूट असेल तेव्हा मात्र नाव बहुधा बाईचे असते.

लामाने दिलेल्या शुभ नावांच्या जोडीला मुद्दाम ठेवलेली वाईट नावेही आहेत. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पुढच्या बाळाला असे नाव देत, की दुष्ट शक्तींचे लक्षच जाऊ नये. नेरगुई म्हणजे बिननावाचा, एनेबिश म्हणजे हा नव्हे, तेरबिश म्हणजे तो नव्हे, खुनबिश म्हणजे माणूस नव्हे, मेदेखगुई म्हणजे ठाऊक नाही, मूनोखोई म्हणजे वाईट कुत्रा. महाराष्ट्रात दगडू, धोंडू, केरबा ही नावे ज्या भीतीतून आली, तीच भीती इथेही आहे. फरक एवढाच की मराठी आईबाप मुलाला कवडीमोल ठरवतात, तर मंगोल आईबाप मूल इथे नाहीच असे सांगून मोकळे होतात. यांत हिणवणूक नसते आणि मोठेपणी ते बदलायची गरजही कोणाला वाटत नाही. राजकारणी देन्देवीन तेरबिशदाग्वा यांच्या नावात ‘तो नव्हे’ला तिबेटी घटक जोडला आहे. शेवटचे अपत्य ठरावे म्हणून दिलेले ‘ओत्गोन’, म्हणजे शेंडेफळ, हे नावही खूप आढळते.

तिसरा थर क्रांतीचा. १९२१ च्या क्रांतीचा सेनानी दामदिनी सुखबातार (१८९३–१९२३) याच्या नावाचा अर्थ कुऱ्हाडवीर. राजधानीचे नाव १९२४ मध्ये उलानबातार, म्हणजे लाल वीर, असे ठेवले गेले. देशाच्या पूर्व भागातल्या शहराला चोइबालसानचे नाव मिळाले. स्वतः चोइबालसानचे नाव मात्र मठात मिळालेले तिबेटी नाव होते. मठ मोडून काढणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाने ते अखेरपर्यंत वापरले. लामांचे शिरकाण आणि मठांचा विध्वंस १९३० च्या दशकात झाला आणि नाव ठेवणारा लामा गावातून नाहीसा झाला. त्यानंतर जन्मलेल्या पिढीत बात, बोल्द, एन्ख, त्सेत्सेग अशी साधी मंगोल नावे एकदम वाढली. आजोबा तिबेटी आणि नातू मंगोल असे चित्र घराघरांत दिसते ते यामुळे.

रशियाच्या प्रभावाने ओक्त्याब्र म्हणजे ऑक्टोबर, मार्त म्हणजे मार्च अशी नावेही ठेवली गेली. इवानला तिबेटी ‘जाव’ जोडून इवानजाव झाले. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन आणि चोइबालसान यांची आद्याक्षरे जुळवून केलेले ‘मेल्सचोई’ हे नाव धारण करणारा राजकारणीही होऊन गेला. उलट चंगीझखानाचे नाव घेणे धोक्याचे झाले. १९६२ मध्ये त्याच्या जन्माच्या आठशेव्या वर्षानिमित्त खेन्ती प्रांतात दादाल इथे स्मारक उभे राहिले. मॉस्कोची नाराजी झाली आणि पक्षनेते दारामीन तोमोर-ओचिर यांना पदावरून दूर केले गेले. ‘लोखंड’ आणि ‘वज्र’ या दोन्ही जुन्या थरांचे शब्द ज्यांच्या नावात होते, ते जुन्या परंपरेचा गौरव केल्याबद्दल शिक्षेस पात्र ठरले.

१९९० नंतर हा दबाव सरला आणि चौथा थर सुरू झाला. मुलांना चिन्गिस, तेमुजिन, तेमुलेन ही नावे मोकळेपणी मिळू लागली, मुलींना खुलान आणि मान्दुखाई. पंधराव्या शतकात बाल दायान खानाला गादीवर बसवून विखुरलेल्या टोळ्या एकत्र करणाऱ्या राणीचे नाव मान्दुखाई होते. तिबेटी नावे गेली नाहीत. ती वडील आणि आजोबांच्या जागी स्थिर राहिली आणि वारांची नावे तर नव्या बाळांनाही दिली जातात.

मंगोल भाषक केवळ मंगोलियात राहत नाहीत. सीमा ओलांडली की तीच नावे निराळ्या चौकटीत बसतात. रशियातल्या बुर्यात आणि काल्मिक लोकांना रशियन धर्तीची आडनावे मिळाली. दोर्जचे दोर्जियेव झाले, बादमाचे बादमायेव. तेराव्या दलाई लामांचे शिक्षक आणि दूत आग्वान दोर्जियेव (१८५४–१९३८) हे बुर्यात होते. १९०० च्या सुमारास ल्हासाची छायाचित्रे टिपणारे गोम्बोजाब त्सिबिकोव हेही बुर्यातच. त्यांच्या व्यक्तिनामात गोम्बो आणि जाव दोन्ही शाबूत आहेत. चीनच्या अंतर्गत मंगोलियात वडिलांचे नाव लावण्याची सक्ती नाही, अनेकांचे नाव एकाच शब्दाचे असते आणि ते चिनी चिन्हांत लिहिताना उच्चार पालटतो. तिथले कम्युनिस्ट नेते उलानफु (१९०६–१९८८) यांचे स्वीकारलेले नाव मंगोल ‘उलान हू’, म्हणजे लाल पुत्र, याचे चिनी रूप आहे.

काही मंगोल नावे माणसांपलीकडे गेली आहेत. गोबी वाळवंटातल्या जीवाश्मांचे अभ्यासक रिन्चेन्गीन बार्सबोल्द (जन्म १९३५) हे वर उल्लेखलेल्या रिन्चेन यांचे पुत्र. त्यांच्या नावाचा अर्थ वाघ-पोलाद. पोलिश शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एका बदकतोंड्या डायनोसॉरला बार्सबोल्दिया असे नाव दिले. १९७४ मध्ये बार्सबोल्द यांनी वर्णन केलेल्या एका मांसाहारी डायनोसॉरची प्रजाती २००९ मध्ये वेगळी काढली गेली, तेव्हा तिला झानाबाझार हे नाव मिळाले. सतराव्या शतकातल्या मूर्तिकाराचे ज्ञानवज्र असे जीवाश्मशास्त्राच्या परिभाषेत पोचले.

मंगोल नावे दुसऱ्या लिपीत आणताना दोन अडचणी येतात. पहिली लेखनाची. पारंपरिक उभी लिपी जुने उच्चार दाखवते, तर १९४० च्या दशकात स्वीकारलेली सिरिलिक लिपी आजच्या बोलीच्या जवळ जाते. एकाच शब्दाची तेमुर आणि तोमोर, मोंगके आणि मोन्ख, बागातुर आणि बातार अशी रूपे त्यातून होतात. मध्ययुगीन व्यक्तींची नावे फारसी आणि चिनी ग्रंथांतून आल्याने त्यांत आणखी भर पडते. म्हणून मध्ययुगीन व्यक्तींसाठी चंगीझखान, कुब्लाई, हुलागू ही मराठीत रुळलेली रूपे आणि सतराव्या शतकानंतरच्यांसाठी आजच्या मंगोल उच्चाराला धरून केलेले लेखन, ही विभागणी सोयीची ठरते. दुसरी अडचण क्रमवारीची. आडनावाच्या अकारविल्हेने लावलेल्या सूचीत मंगोल माणूस सापडत नाही, कारण तिथे त्याच्या जागी त्याचे वडील असतात. एल्बेगदोर्ज ‘ए’खाली, नात्सागदोर्ज ‘न’खाली, दावाजार्गाल ‘द’खाली शोधावा आणि वडिलांचे नाव त्याच्या आधी नुसते वाचावे, हा मंगोल चरित्रनोंदींचा साधा नियम आहे.